हुरड्याच्या दिवसांतील ऊन द्राक्षपेय : फ्रेंच रीत, आपला कायदा व घ्यावयाची दक्षता

पौष महिना लागला आणि रब्बीच्या ज्वारीत दाणा दुधावर आला, म्हणजे आमच्या गंगापूर तालुक्यात आगट्या पेटू लागतात. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीची कणसे निखाऱ्यांत भाजावीत, तळहातावर चोळावीत आणि लसणीच्या चटणीबरोबर ऊन ऊन खावीत, यापरते हिवाळ्याचे सुख नाही. बजाजनगर ही कारखान्यांची वसाहत खरी. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. तथापि येथे राहणाऱ्या बहुतेकांचे एक पाऊल अद्याप आपापल्या गावच्या शिवारात आहे. त्यामुळे रविवारी मंडळी शेतावर जमतात, आणि त्या जमावात अलीकडे एक नवीन प्रश्न निघू लागला आहे. तो असा, की फ्रान्सात हिवाळ्यात मसाला घालून ऊन केलेली वाइन पितात, ती घरी कशी करावी?

आम्हांस हा प्रश्न प्रथम आमच्या पुतण्याने घातला. तो कारखान्याच्या कामानिमित्त तिकडे जाऊन आला होता. आम्ही जन्मभर महसूल खात्यात कारकुनी केलेली. तेव्हा एखादी गोष्ट करण्यापूर्वी तिचे कागद पाहावेत ही खोड आमच्या अंगी मुरलेली आहे. त्याप्रमाणे आम्ही या पेयाची कृती, तिची कारणे आणि तिजविषयीचा कायदा या तिन्ही गोष्टी यथाशक्ति समजून घेतल्या. मध्यंतरी आमच्या हातून एक चूकही घडली. ती वाचकांच्या हातून घडू नये, हाच हा लेख लिहिण्याचा मुख्य हेतू होय.

१. हे पेय मूळ कोठले?

फ्रेंच लोक या पेयास ‘व्हाँ शो’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ ‘ऊन वाइन’ असाच आहे. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबुर्ग शहरी १५७० सालापासून नाताळचा बाजार भरत आला आहे. त्या बाजारात आणि आल्प्स पर्वतातील थंड गावांतून हे पेय मोठ्या पातेल्यांतून पेल्यापेल्याने विकले जाते. तांबडी वाइन, साखर अथवा मध, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल एवढेच त्याचे साहित्य. आल्सेस प्रांतात ते पांढऱ्या वाइनचेही करतात.

परंतु वाइनीत मसाला घालण्याची चाल फ्रेंचांहून फार जुनी आहे. एपिसियस याच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथात मध, मिरी, केशर आणि खजुराच्या बिया घालून वाइन सिद्ध करण्याची कृती दिलेली आहे. त्यांतील मिरी आपल्याच मलबार किनाऱ्यावरून जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासपुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या वाइनचा उल्लेख आहे. आणि त्याच पुस्तकात भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठण नगरीचे नाव आले आहे. तेथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोचेस जात. ते पैठण म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच. तेव्हा तिकडची वाइन इकडे आणि इकडचे मिरे तिकडे, असा हा व्यवहार दोन हजार वर्षांचा आहे.

द्राक्षाचेही तसेच. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नमूद केले आहे. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्यामुळे वेल पूर्ण झोपी जात नाही. म्हणूनच आजही आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबराच्या सुमारास फळ छाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतो. फ्रान्सात एकच छाटणी आणि सप्टेंबराच्या आगेमागे तोडणी, तर आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते.

२. वाइन घरी गाळू नये

‘घरी करणे’ या शब्दांचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. विकत घेतलेली वाइन घरी मसाला घालून ऊन करणे ही एक गोष्ट. आणि द्राक्षे आंबवून घरी वाइन तयार करणे ही अगदी निराळी गोष्ट. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्यास आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, त्याअन्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. द्राक्षे आपल्या बागेची, भांडे आपले आणि पिणारेही आपलेच, ही सबब तेथे चालत नाही. पिण्यासाठी व जवळ बाळगण्यासाठीही राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना घ्यावा लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा व कायमचाही मिळतो. वाइन व बिअर यांकरिता वयाची अट २१ वर्षांची आहे. वर्धा व गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतील वाचकांनी तर या लेखातील केवळ द्राक्षरसाचा भाग तेवढा उपयोगात आणावा.

ज्यांनी शेतावर पैसे घेऊन हुरड्याची व्यवस्था सुरू केली आहे, त्यांस एक विशेष सूचना. पाहुण्यांकडून घेतलेल्या रकमेत वाइनचा पेला धरला, तर ती विक्रीच होते आणि तीस स्वतंत्र अनुज्ञप्ती लागते. ‘आम्ही फुकट वाटतो’ असे म्हणून सुटका होईल, अशा भरवशावर राहू नये.

कायद्याखेरीज दुसरेही कारण आहे. द्राक्षरस आंबतो तेव्हा त्यातील साखरेच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड वायू होऊन बाहेर पडतो. रसात शेकडा १८ ते २० भाग साखर असते, हे लक्षात घेतले म्हणजे एका बाटलीत केवढा वायू कोंडतो याची कल्पना येईल. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनी उरलेला रस बूच घट्ट लावून कोठीघरात ठेवला होता. आंबविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. केवळ रस टिकावा एवढीच इच्छा. चौथ्या रात्री दोन बाटल्या फुटल्या आणि काचा फळीवरच्या पिठाच्या डब्यापर्यंत उडाल्या. सुदैवाने कोठीत कोणी नव्हते.

३. साहित्य व कृती

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सहा माणसांस पुढील प्रमाण पुरेसे होते.

७५० मिलिलिटरची तांबडी वाइनची बाटली एक. पाणी १०० मिलिलिटर. साखर किंवा खडीसाखर ६० ते ८० ग्रॅम. नागपुरी संत्रे एक. दालचिनीचा बोटभर तुकडा एक. लवंगा चार. चक्रीफूल एक. वेलदोडे दोन. वाटल्यास मिरे चार व आल्याची एक पातळ चकती.

वाइन फार महागाची घेऊ नये. ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरविलेल्या वाइनीचा जो सूक्ष्म गंध, त्यासाठी माणूस जादा पैसा मोजतो. तो मसाल्याखाली दडपून जातो आणि पैसा व्यर्थ जातो. नाशिक भागात होणारी साधी, फळाच्या चवीची शिराझ किंवा झिनफँडेल यांची तांबडी वाइन या कामास उत्तम. मात्र उघडून पंधरा दिवस पडलेली, आंबट झालेली बाटली मसाल्याने सुधारेल असे समजू नये. ऊन केल्याने तिचा आंबूस वास उलट अधिकच उसळतो.

भांडे स्टेनलेस पोलादाचे अथवा न टवकलेले एनॅमलचे घ्यावे. वाइनमध्ये टार्टारिक आम्ल असते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात, तांब्याच्या पातेल्यात, लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ती तापविली, तर धातूचा अंश उतरतो, चव बिघडते, आणि तांब्यापितळेच्या बाबतीत प्रकृतीसही अपाय होतो. चिंचेचे सार आपण जेथे ठेवणार नाही, तेथे वाइनही ठेवू नये.

संत्रे प्रथम ऊन पाण्याने चोळून धुवावे, कारण सालीवर फवारणीचा अंश अथवा मेणाचा थर असू शकतो. नंतर सुरीने सालीचा केवळ नारिंगी भाग पातळ काढून घ्यावा. आतील पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. संत्रे न मिळाल्यास आपल्या जालना भागाची मोसंबी चालते. तिला भौगोलिक मानांकनही लाभलेले आहे. मात्र तिच्या सालीचा वास मंद असल्यामुळे साल थोडी अधिक घ्यावी.

पातेल्यात प्रथम पाणी, साखर, साल व सर्व मसाला घालून पाच ते सात मिनिटे उकळू द्यावा. मसाल्याचा अर्क निघण्यास उकळी लागते, आणि वाइनला तर उकळी सोसत नाही. याकरिता मसाल्याची उकळी आधी पाण्यातच संपवावयाची, हीच या कृतीतील मुख्य खुबी होय. पाक किंचित दाट झाला म्हणजे जाळ अगदी मंद करून त्यात वाइन ओतावी, संत्र्याचा रस पिळावा आणि दहा ते पंधरा मिनिटे तापू द्यावे. उष्णतामापक असल्यास पारा सुमारे ७० अंश सेल्सियसवर ठेवावा. नसल्यास डोळ्यांनी ओळखावे: वाफ निघू लागली, कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले, पण मध्यभाग हललेला नाही, ही योग्य वेळ. मद्यार्क ७८ अंशांच्या सुमारास उकळतो. पेय खळखळू लागले म्हणजे वास उडतो, लवंग व साल यांचा कडवटपणा उतरतो आणि पेय काढ्यासारखे लागते. शेवटी स्वच्छ फडक्यातून गाळून लहान पेल्यांत वाढावे. मसाला पातेल्यातच ठेवून तासभर तापवीत राहू नये.

गुळाविषयी पुष्कळजण विचारतात. आम्ही तोही प्रयोग केला. गुळाची स्वतःची चव व खारटपणा इतका पुढे येतो, की द्राक्ष कोठे आहे हे शोधावे लागते. मध चालतो, पण तो पेय चुलीवरून उतरविल्यावर घालावा.

४. आमची चूक

पहिल्या वर्षी आम्ही हे पेय केले, तेव्हा शेजारचे एक वृद्ध गृहस्थ हुरड्यास आले होते. ते माळकरी, वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरास दर एकादशीस पायी जाणारे. त्यांनी पेल्याकडे पाहून विचारले, “भाऊसाहेब, यात दारू आहे काय?” आम्ही मोठ्या जाणतेपणाने उत्तर केले, की चांगले पाऊण तास आधणावर होते, त्यातली दारू केव्हाच उडून गेली, आता निव्वळ द्राक्षाचा काढा राहिला आहे. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वासून अर्धा पेला घेतला.

पुढे पुतण्याने आम्हांस खरा हिशेब दाखविला. पदार्थात मद्य घालून ते मंद आचेवर शिजत ठेवले, तर पंधरा मिनिटांनंतर मूळ मद्यार्काचा शेकडा ४० भाग शिल्लक राहतो. अर्ध्या तासाने ३५, एका तासाने २५, आणि अडीच तास शिजविले तरी ५ भाग उरतोच. पाणी व मद्यार्क एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे एक आधी संपूर्ण उडून जावा आणि दुसरे मागे राहावे, असे होत नाही. आमच्या पातेल्यात पाऊण तासानंतरही चांगलाच अंश राहिला असला पाहिजे. उत्तम रीतीने, न उकळता केलेल्या पेयात तर बहुतेक सर्वच मद्यार्क कायम असतो.

दोन रात्री आम्हांस झोप आली नाही. गळ्यात माळ घालून चाळीस वर्षे पाळलेला नेम आमच्या अर्धवट ज्ञानाने मोडला होता. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि सर्व हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, “सांगायला आलात, बरे केलेत. पण पुढच्या वर्षी माझा पेला वेगळ्या पातेल्यातला ठेवा.” पुढील एकादशीस त्यांनी निर्जळी केली, असे त्यांच्या सुनेकडून कळले. त्या वर्षापासून आमच्याकडे पातेली दोन असतात, पळ्या दोन असतात, आणि कोणते पातेले कशाचे हे आम्ही प्रथमच उभे राहून सर्वांस सांगतो.

५. दुसरे पातेले : द्राक्षरसाचे

हे पेय मुले, स्त्रिया, नेमधर्माची माणसे, औषधोपचार चालू असलेले आणि गाडी हाकणारे अशा सर्वांस देता येते. शिवाय बागाईतदारास त्यात स्वतःच्या मालाचा उपयोग करता येतो.

द्राक्षांचा मुख्य हंगाम हुरड्यानंतर येतो, म्हणून रस आदल्या मार्चात करून ठेवावा. काळी, पूर्ण पिकलेली द्राक्षे धुऊन, देठ काढून, चुरडून ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवावीत. त्याने सालीचा रंग रसात उतरतो. मग फडक्यातून पिळून रस एक रात्र थंड जागी, शक्य तर शीतकपाटात, निवत ठेवावा. तळाशी बसलेला गाळ व खडे हलवू नयेत. वरचा निवळ रस तेवढा स्वच्छ, उकळून घेतलेल्या बाटल्यांत भरावा. नंतर त्या बाटल्या बुचांसह पाण्याच्या भांड्यात ठेवून ८० ते ८५ अंशांवर अर्धा तास तापवाव्यात. असे न केल्यास रस आंबून वर सांगितलेला प्रकार घडतो. एक किलो द्राक्षांपासून साधारणतः ६०० मिलिलिटर रस निघतो. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवून दोनतीन दिवसांत संपवावी; बूच फुगलेली किंवा फेस आलेली बाटली टाकून द्यावी.

रस नसल्यास २५० ग्रॅम काळ्या मनुका सव्वा लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी त्याच पाण्यात वीस मिनिटे उकळून, कुस्करून गाळाव्यात. याचेही पेय चांगले होते.

एक लिटर रसास ३०० मिलिलिटर पाणी, वर सांगितलेला मसाला आणि दोन आमसुले घालावीत. साखर मुळीच घालू नये; ती रसात आधीच भरपूर असते. वाइनचा तुरटपणा यात नसतो, तो आणण्यासाठी अर्धा पेला कोरा, कडक चहा गाळून मिसळावा. मधुमेह्यांनी मात्र हे पेय दोन घोटांवर आवरावे, कारण द्राक्षाची साखर तीही साखरच.

६. प्रमाण व परिणाम

बाटलीवर मद्यार्क शेकडा १३ असे लिहिले असल्यास, ७५० मिलिलिटरमध्ये ९७॥ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. सहा पेले केले तर प्रत्येकात सुमारे १६ मिलिलिटर येतो. म्हणजे दोन पेले प्याला तो माणूस शेकडा ५ प्रतीच्या बिअरची ६५० मिलिलिटरची एक मोठी बाटली प्याला, असा हिशेब होतो. पेय गोड व ऊन असल्यामुळे ते भरभर पोटात जाते आणि हा हिशेब ध्यानात राहत नाही. म्हणून पेला लहान व एकच, असा आमच्या घरचा दंडक आहे.

वाइनने थंडी पळते, ही समजूत तर सर्वांत घातक. मद्याने कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंगास ऊब वाटते. पण त्याच वाटेने शरीरातील उष्णता बाहेर निघून जाते. आपल्या शेतकऱ्यास रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे पौषात मध्यरात्री उठून मोटार सुरू करावयास जावे लागते. ओली जमीन, विजेची पेटी, विहिरीचा काठ आणि अंधार, या ठिकाणी एक पेलाही जास्त आहे. ज्याची त्या रात्री पाण्याची पाळी असेल, अथवा जो महामार्गावरून परत जाणार असेल, त्यास दुसऱ्या पातेल्यातूनच वाढावे.

७. बागाईतदारास दोन शब्द

हे वाचून कोणास वाइनच्या द्राक्षांची लागवड करण्याची उमेद येईल, तर त्यांनी मागील इतिहास विसरू नये. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन उद्याने झाली. २०१० साली ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु २००८ नंतर मागणी खालावली, कारखान्यांत माल तुंबला आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींचे वेल उपटून टाकले. या जातींचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे. ते खाण्याच्या बाजारात खपत नाहीत. सबब खरेदीचा लेखी करार हाती असल्यावाचून अशी लागवड करू नये.

आमच्या मराठवाड्यास पाण्याचीही आठवण ठेविली पाहिजे. २०१६ च्या दुष्काळात येथील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठास द्यावा लागला होता. ज्या मुलखात पिण्याच्या पाण्यासाठी न्यायालयात जावे लागते, तेथे पेल्याची हौस बेताची असावी, हे वेगळे सांगावयास नको.

तात्पर्य, वाइन घरी गाळू नये. परवाना जवळ असावा. मसाला पाण्यात उकळावा, वाइन उकळू नये. पातेली दोन ठेवावीत. आणि पाहुण्याने विचारण्यापूर्वीच पेल्यात काय आहे ते सांगावे. गेल्या पौषात आमच्या आगटीभोवती चौदा माणसे बसली होती. त्यांतील नऊ दुसऱ्या पातेल्याची होती, आणि आधी रिकामे झाले तेही तेच. आमचे माळकरी शेजारी त्या दिवशी दोन पेले प्याले व तिसरा नातवासाठी तांब्यात घालून घरी घेऊन गेले. वाचकांपैकी कोणी द्राक्षरस अधिक काळ टिकविण्याची सोपी रीत अनुभवली असल्यास त्यांनी ती या मासिकाकडे अवश्य कळवावी, अशी विनंती आहे.